एआयची परीक्षा घेणारे फिजिक्सचे प्रॉब्लेम कसे बनवायचे: कॉम्प्युटेशनल फिजिक्सवाल्यांसाठी फ्रीलान्स कामाची पूर्ण माहिती

एम.एस्सी. नाहीतर पीएचडी करताना तुम्ही आयसिंग मॉडेलचा कोड लिहिला असेल, रुंगे-कुट्टा स्वतः टाइप केलं असेल, मॉन्टे कार्लो रात्रभर चालवून सकाळी एरर बार कमी का होत नाहीये ते शोधत बसला असाल, तर त्या मेहनतीला आता एक नवीन गिऱ्हाईक आलंय. एआय मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांना असे प्रॉब्लेम हवे असतात ज्यांचं उत्तर ठाम आहे, तपासता येतं, आणि जे इंटरनेटवर किंवा पुस्तकात जसेच्या तसे सापडत नाहीत. हे काम बहुतेक वेळा आउटलायर, मर्कोर, ट्युरिंग अशा मधल्या प्लॅटफॉर्ममधून येतं. विषयाची माणसं कमी आहेत, त्यामुळे फिजिक्स आणि कोडिंग दोन्ही नीट येणाऱ्याला मागणी आहे, आणि आपल्याकडे पुणे-मुंबई-कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत विद्यापीठांच्या डिपार्टमेंटमध्ये अशी मुलं-मुली भरपूर आहेत ज्यांना हे काम अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी सांगून टाकतो की या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, कारण नवीन माणूस नेमका इथेच भरकटतो. प्रॉब्लेम "अवघड" असणं दुय्यम आहे. उत्तर तुम्हाला दोन वेगळ्या वाटांनी काढता आलं पाहिजे, आणि चुकीच्या वाटेने गेलेल्याला दिसायला अगदी बरोबर वाटणारा पण वेगळाच आकडा मिळाला पाहिजे. बाकी सगळं याच्या मागून येतं.

पायरी १: आधी चांगले नमुने बघा

काम शोधायच्या आधी आठवडाभर एआय मॉडेल तपासायच्या सार्वजनिक टेस्ट वाचा. जीपीक्यूए २०२३ मध्ये आलं, त्याच्या मुख्य सेटमध्ये बायॉलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्रीचे मिळून ४४८ प्रश्न आहेत, सगळे मल्टिपल चॉइस आणि गूगल करूनही सहज सुटणार नाहीत असे. सायकोड २०२४ चं, आणि आपल्या कामाच्या सगळ्यात जवळचं, कारण त्यात संशोधनातले ८० मोठे प्रॉब्लेम ३३८ लहान तुकड्यांत फोडलेत आणि प्रत्येक तुकड्याला कोड लिहावा लागतो. ह्युमॅनिटीज लास्ट एक्झाम हा २,५०० प्रश्नांचा सेट, त्यासाठी ५ लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, पहिल्या ५० प्रश्नांना प्रत्येकी ५,००० आणि पुढच्या ५०० ना प्रत्येकी ५०० डॉलर. तिथली पद्धत बघण्यासारखी आहे: प्रश्न आधी मॉडेल्सना द्यायचे, ती चुकली तरच प्रश्न माणसांच्या रिव्ह्यूला जाणार. बहुतेक प्लॅटफॉर्मवर आज असंच काहीतरी चालतं.

वाचताना फक्त प्रश्न वाचू नका, प्रश्नात काय काय स्पष्ट करून दिलंय ते बघा. युनिट, बाउंड्री कंडिशन, किती दशांश, कुठली व्याख्या. चांगल्या प्रश्नाची निम्मी भाषा यातच जाते.

पायरी २: प्रवेश आणि कागदपत्रं

प्रोफाइलमध्ये "फिजिक्सची आवड" वगैरे लिहून उपयोग नाही, काय चालवलंय ते लिहा. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, मॉलिक्युलर डायनॅमिक्स, एन-बॉडी, लॅटिस मॉडेल, सीएफडी, जे असेल ते पद्धतीच्या नावासकट. पायथन तर लागतंच, सी++ किंवा फोरट्रान येत असेल तर तेही लिहा. पुढे ओळखपत्राची तपासणी, एक विषयाची टेस्ट आणि कधीकधी बॉटने घेतलेली मुलाखत असते. मुलाखतीत बॉट तुमच्या थिसिसबद्दलच विचारतो, त्यामुळे आपल्याच कामातल्या एका गणिताबद्दल पाच मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलता आलं म्हणजे बरंचसं काम झालं.

काम देण्याआधीच रजिस्ट्रेशन फी मागणारा, किंवा तुमचं लॉगिन भाड्याने मागणारा, दोघांनाही ताबडतोब ब्लॉक करा. अकाउंट दुसऱ्याला वापरायला दिलं की बॅन होतो आणि अडकलेले पैसे बहुतेक जातातच.

जेआरएफ, एसआरएफ किंवा दुसरी कुठली फेलोशिप चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा, बाहेरच्या पगारी कामावर बंधनं असतात. गाइडशी बोला, परवानगी लेखी घ्या. आणि ग्रुपचा अजून न छापलेला डेटा किंवा कोड या कामात कधीच वापरायचा नाही, तो एकट्या तुमचा नसतो.

पायरी ३: प्रॉब्लेमचं बीज

इथे थोडा वेळ थांबू या, कारण खरं काम हेच. एक पूर्ण उदाहरण घेऊन दाखवतो, सोबत लॅपटॉप उघडून करून बघा.

दोन मितींतलं आयसिंग मॉडेल, म्हणजे जाळीच्या प्रत्येक ठिकाणी वर किंवा खाली बघणारा एक स्पिन, आणि शेजारच्या दोन स्पिनना जोडणारा बाँड दोघं सारखे असले तर ऊर्जा कमी करतो, वेगळे असले तर वाढवतो. अनंत जाळीवर त्याचं क्रिटिकल तापमान २.२६९ हे सगळ्यांना माहीत आहे (बाँडची ताकद जे आणि बोल्ट्झमन स्थिरांक १ धरून), ऑन्सागरने १९४४ मध्ये हे मॉडेल अचूक सोडवलं आणि तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात हा आकडा आहे. म्हणजे मॉडेलच्या तोंडीही तो बसलेला. आता प्रश्न असा विचारा: ४×४ ची जाळी, दोन्ही दिशांना पिरिऑडिक बाउंड्री (म्हणजे शेवटची ओळ पहिलीला जोडलेली), स्पेसिफिक हीट कुठल्या तापमानाला सगळ्यात जास्त? घाईत उत्तर देणारा २.२७ म्हणतो. खरं उत्तर २.४४ च्या आसपास येतं, कारण जाळी लहान आहे आणि शिखर सरकतं. आणि हे उत्तर तुम्ही शंभर टक्के ठाम देऊ शकता, कारण १६ स्पिनच्या एकूण स्थिती ६५,५३६, सगळ्याच्या सगळ्या मोजता येतात, मॉन्टे कार्लोची गरजच नाही. ऊर्जेप्रमाणे वाटणी केली की उणे ३२ ला २ स्थिती, उणे २४ ला ३२, उणे २० ला ६४, उणे १६ ला ४२४, उणे १२ ला १,७२८, उणे ८ ला ६,६८८, उणे ४ ला १३,५६८ आणि शून्याला २०,५२४, धन बाजूला हेच आकडे आरशासारखे. बेरीज ६५,५३६ आली की निदान एकही स्थिती सुटली नाही किंवा दोनदा मोजली नाही हे कळतं. असा चेक प्रत्येक प्रॉब्लेममध्ये शोधायचाच.

हे झालं बीज. पण एवढ्यावर आजचं कोड चालवू शकणारं मॉडेल अडत नाही, ते पायथनमध्ये तेच सगळं मोजून २.४४ सांगून मोकळं होतं. मग नवीन माणूस काय करतो, जाळी ४०×४० करतो आणि प्रॉब्लेम अवघड झाला समजतो. तसं करू नका, तुमचं स्वतःचं उत्तरच डळमळीत होतं आणि वाढतो फक्त कॉम्प्युटरचा वेळ. त्यापेक्षा फिजिक्स बदला. समजा चौथ्या आणि पहिल्या उभ्या ओळीला जोडणारे जे चार आडवे बाँड आहेत त्यांचं चिन्ह उलटं केलं. आता प्रत्येक आडव्या ओळीत निदान एक बाँड तुटलेला, म्हणजे ऊर्जा वाढवणारा, राहणारच, ओळी चार, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जा उणे ३२ वरून उणे २४ वर येते. आणि अशा स्थिती (म्हणजे डिजनरसी) २ नाहीत तर ८ आहेत, कारण तुटलेल्या बाँडची सरळ भिंत चारपैकी कुठेही बसू शकते आणि वर सगळे स्पिन उलटवून दुप्पट. शून्य तापमानाकडे जाताना एंट्रॉपी लॉग २ ऐवजी लॉग ८ म्हणजे २.०७९ येते. बघा, हे कागदावर दोन ओळींत सिद्ध होतं, कोडनेही येतं, आणि पाठ केलेल्या उत्तराला इथे काही जागा उरत नाही. यावर मग तुम्ही तापमानाचा प्रश्न रचा, दुसऱ्या शेजाऱ्याचं कपलिंग घाला, ५×५ करा (३,३५,५४,४३२ स्थिती, साध्या लॅपटॉपवर सी++ मध्ये आरामात होतं), पण प्रत्येक पायरीला कागदावरचा एक चेक हातात ठेवून.

बीज शोधायच्या जागा म्हणाल तर माझ्या मते तीन सगळ्यात सुपीक आहेत: जिथे प्रसिद्ध सूत्र लागू होत नाही पण लागू झाल्यासारखं वाटतं, जिथे नेहमीची न्यूमेरिकल पद्धत गुपचूप चुकते (स्टिफ समीकरणं, म्हणजे ज्यांत काही बदल फार वेगाने आणि काही फार हळू होतात, खूप काळ चालवलेल्या कक्षेत हळूहळू वाहत जाणारी ऊर्जा, दोन खड्ड्यांच्या पोटेन्शियलमध्ये एकाच खड्ड्यात अडकलेलं मेट्रोपोलिस), आणि जिथे सिमेट्री किंवा बाउंड्री कंडिशनने मोजणी बदलते. पुस्तकाच्या शेवटच्या गणितातले आकडे बदलून प्रॉब्लेम बनवला तर तो रिव्ह्यूमध्ये पकडला जातो.

पायरी ४: उत्तर दोन वाटांनी काढा

एकच कोड दोनदा चालवणं म्हणजे दोन वाटा नव्हेत, आणि त्याच अल्गोरिदमचा दुसऱ्या भाषेतला कोडही पुरेसा नाही. हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये एक्सच्या चौथ्या घाताची पूर्ण ताकदीची टर्म घाला, म्हणजे एच-बार, वस्तुमान, फ्रीक्वेन्सी सगळं १ आणि चौथ्या घाताचा गुणकही १. ग्राउंड स्टेटची ऊर्जा काय? पर्टर्बेशनच्या पहिल्या ऑर्डरला १.२५ येतं, दुसरी ऑर्डर धरली की उणे १.३७५, जे अशक्य आहे कारण पोटेन्शियल कुठेही शून्याच्या खाली जात नाही. खरं उत्तर ०.८०३८. हे एकदा ग्रिडवर फायनाइट डिफरन्सने काढा आणि एकदा हार्मोनिक बेसिसमध्ये मॅट्रिक्स डायगोनलाइझ करून. या दोन पद्धतींच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, ग्रिडची चूक पायरीच्या आकारातून येते आणि बेसिसची तो किती ठिकाणी तोडला यातून, त्यामुळे दोन्ही चौथ्या दशांशापर्यंत जुळले तर उत्तरावर विश्वास ठेवायला कारण आहे. शिवाय प्रत्येक वाटेत ग्रिड अर्धा करून, बेसिस दुप्पट करून आकडा कुठे स्थिर होतो त्याचा तक्ता ठेवा, रिव्ह्यूअरला तोच दाखवायचा असतो.

काही प्रश्नांना मुळात उत्तरच नसतं, तेही आधी ओळखा. लॉरेन्झची १९६३ ची समीकरणं त्याच नेहमीच्या पॅरामीटरनी घेऊन "टी = १०० ला एक्स किती" असं विचारलं तर प्रश्नच बाद. तिथे ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट (जवळून सुरू झालेल्या दोन वाटा किती वेगाने लांब जातात तो आकडा) साधारण ०.९ आहे, डबल प्रिसिजनचे १६ आकडे टी = ४० च्या आसपास संपून जातात, त्यापुढे दोन कॉम्प्युटर दोन उत्तरं देणार आणि दोन्ही निरर्थक. केऑटिक सिस्टिमवर विचारायचं असेल तर सरासरी विचारा, एक्स्पोनंट विचारा, पहिल्यांदा निसटायचा वेळ विचारा पण तो लवकरचा असला पाहिजे.

मॉन्टे कार्लोवर आधारित प्रॉब्लेम असेल तर एरर बार लागतोच, आणि तो काढताना ऑटोकोरिलेशन धरलेलं असलं पाहिजे. सलग घेतलेले दहा लाख नमुने म्हणजे दहा लाख स्वतंत्र नमुने नव्हेत, क्रिटिकल पॉइंटजवळ तर अजिबात नाहीत. शक्य तिथे लहान सिस्टिमवर अचूक मोजणीने पडताळा घ्या, म्हणूनच वर ४×४ घेतलं.

पायरी ५: प्रश्नाची भाषा आणि टॉलरन्स

प्रश्न लिहून झाला की तो परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा: या ओळीचे दोन अर्थ होतात का? आयसिंगचंच घ्या. २×२ जाळीवर पिरिऑडिक बाउंड्री लावली तर प्रत्येक शेजाऱ्यांच्या जोडीमध्ये दोन बाँड मोजायचे की एक? दोन्ही बाजूंनी माणसं मिळतील आणि उत्तरं वेगळी येतील. ४×४ ला ती अडचण नाही पण तरी "एकूण बाँड ३२, प्रत्येक एकदाच मोजा" हे एक वाक्य लिहून टाका. स्पेसिफिक हीट पूर्ण जाळीची की प्रति स्पिन, लॉग नॅचरल की दहाचा, कोन रेडियनमध्ये की डिग्रीत, कंपवेळ पूर्ण की अर्धा, हे सगळं लिहायचं. मोठं झालं तरी चालेल.

टॉलरन्स, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल, तो ठरवायचा नियम सोपा आहे. तुमच्या गणनेच्या अनिश्चिततेपेक्षा तो मोठा हवा, आणि बरोबर-चूक उत्तरांतल्या अंतरापेक्षा खूप लहान. २.४४ आणि २.२७ मध्ये ०.१७ चं अंतर आहे, तुमची मोजणी अचूक आहे, मग अधिक-उणे ०.०१ ठेवा. १० टक्के टॉलरन्स ठेवला तर चुकीचं उत्तरही आत येतं आणि सगळा प्रॉब्लेम वाया.

उत्तर शक्यतो एकच संख्या ठेवा. "चर्चा करा", "स्पष्ट करा" अशा प्रश्नांना मार्क देणं कठीण, पण काही प्रोजेक्ट मुद्दाम रूब्रिक (मार्क द्यायच्या मुद्द्यांची यादी) मागतात. तेव्हा प्रत्येक मुद्दा हो-नाहीमध्ये तपासता येईल असा लिहायचा, उदाहरणार्थ "सगळ्यात कमी ऊर्जा उणे २४ सांगितली आहे", "डिजनरसी ८ आहे हे कारणासकट दिलं आहे". "फिजिक्सची समज दिसते" असा मुद्दा रूब्रिकमध्ये नको, दोन तपासनीस दोन मार्क देतील. आणि तुम्हाला आवडलेली पद्धत सक्तीची करू नका, दुसऱ्याने ट्रान्सफर मॅट्रिक्सने काढलं आणि बरोबर आलं तर पूर्ण मार्क मिळायला हवेत.

पायरी ६: मॉडेलवर चालवून बघणं

प्लॅटफॉर्मच्याच खिडकीत चालवा. आपल्या खासगी चॅटबॉटमध्ये क्लायंटचा प्रॉब्लेम पेस्ट केला तर गोपनीयतेचा करार मोडतो, आणि तो मजकूर पुढच्या ट्रेनिंगमध्ये गेला तर प्रॉब्लेमच खराब होतो. गिटहबवर सार्वजनिक टाकणं तर नकोच.

एकदा चुकलं म्हणजे मॉडेल हरलं असं नाही, अनेकदा चालवा आणि प्रत्येक वेळी कुठे घसरलं ते वाचा. इथे प्रामाणिकपणा लागतो. मॉडेल जर तुमच्या वाक्याचा दुसरा अर्थ लावून चुकलं असेल तर तो प्रॉब्लेम नापास, भाषा सुधारा आणि परत चालवा. नुसतं वेळ संपल्यामुळे चुकलं असेल तरी त्यातून कुणाला काही शिकायला मिळत नाही. फिजिक्समध्ये चुकलं, म्हणजे अनंत जाळीचा आकडा लहान जाळीला लावला, तुटलेला बाँड विसरलं, स्टिफ समीकरणाला साधी एक्स्प्लिसिट पद्धत लावून आलेला आकडा न तपासता दिला, तर तो चांगला प्रॉब्लेम. आणि सगळ्या खेपांना मॉडेलचं उत्तर एकच येतंय पण तुमच्यापेक्षा वेगळं, तर आधी स्वतःचं उत्तर नव्याने तपासा, शून्यापासून, जुना कोड न बघता.

प्रश्न किंवा सोल्यूशन एआयकडून लिहून घेण्याचा मोह टाळा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये त्याला मनाई आहे, पकडलं गेलं तर अकाउंट जातं, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की परीक्षा घेणारा आणि देणारा एकच झाला तर त्या परीक्षेला अर्थ काय राहिला.

पायरी ७: सबमिट करताना काय द्यायचं

प्रश्न, अंतिम उत्तर आणि टॉलरन्स, पायरीपायरीने सोल्यूशन, चालणारा कोड, लायब्ररींच्या आवृत्त्या, रँडम सीड, चालायला किती वेळ लागतो, आणि चुकीच्या वाटेने काय उत्तर येतं त्याची दोन ओळींची नोंद. ही शेवटची नोंद बरेच जण देत नाहीत, पण रिव्ह्यूअरला प्रॉब्लेमचा मुद्दा तिथेच कळतो. कोडमध्ये नमपाय-सायपायपलीकडे फार काही लागणार नाही असं बघा आणि साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत चालेल असा ठेवा.

रिव्ह्यूअर कधी तुमच्याच विषयातला असतो, कधी नसतो. "प्रॉब्लेम सोपा आहे" किंवा "उत्तर जुळत नाही" असा शेरा आला तर चिडून उत्तर लिहू नका, अभिसरणाचा तक्ता आणि हाताने केलेला चेक पाठवा. आकडे समोर आले की बहुतेक वाद तिथेच मिटतो.

पैशाचं

करार करताना बघायचं ते हे: पैसे तासाला की स्वीकारलेल्या प्रॉब्लेमला, नाकारलेल्या कामाचं काय, दुरुस्तीचा वेळ धरतात का, स्क्रीन रेकॉर्ड करणारा टायमर आहे का. एक चांगला प्रॉब्लेम बनायला सहज पूर्ण दिवस जातो, त्यामुळे प्रति-प्रॉब्लेम दर दिसायला मोठा वाटला तरी तासाने भागून बघा. आणि प्रोजेक्ट एका रात्रीत बंद होतात, सूचना न देता, म्हणून यावर घराचा हप्ता अवलंबून ठेवू नका, निदान पहिलं वर्ष तरी नाही.

पैसे बहुतेक डॉलरमध्ये येतात. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बेन फॉर्म भरून घेते, त्यात आपण अमेरिकेचे करदाते नाही हे जाहीर करायचं असतं, घाबरण्यासारखं काही नाही. बँकेकडून प्रत्येक रकमेची परदेशी जमेची पावती मागून ठेवा. हे उत्पन्न भारतात करपात्र आहे, आणि वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो, मार्च संपल्यावर सगळं एकदम भरू म्हटलं तर व्याज लागतं. जीएसटीची मर्यादा आणि निर्यात सेवेचे नियम तुमच्या एकूण उलाढालीवर ठरतात, पहिल्या वर्षी एकदा सीएकडे तासभर बसा आणि सोबत करार न्या.

पहिला प्रॉब्लेम पास झाला की लगेच विषय बदलू नका. त्याच बीजाचे अजून दोन-तीन फाटे काढा, उलटे बाँड आडव्याऐवजी दोन्ही दिशांना, चौकोनाऐवजी त्रिकोणी जाळी, शिखराऐवजी कमी तापमानाची एंट्रॉपी. फक्त तपासणी प्रत्येक फाट्याला नव्याने करायची, मागच्या प्रॉब्लेमचं उत्तर बरोबर होतं म्हणून त्याच कोडवर पुढचंही बरोबर असेल असं धरून चालायचं नाही.